पाचशे ग्रॅम

माझ्या पेटीत मखमलीच्या खळग्यांत
पितळेची वजनं निजलेली असतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.
त्यांना बोट लावायचं नाही. चिमट्यानं उचलायची,
घामानं पितळ बदलतं,
असं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात केणीसाहेबांनी शिकवलं.
मी विचारलं, ही खरी कशावरून?
कार्यालयातल्या वजनांशी ताडून बघतो.
ती कशावरून?
त्यांच्या वरची असतात.
आणि त्यांच्या?
केणीसाहेबांनी बशीतला चहा संपवला.
म्हणाले, परुळेकर, तुम्ही फार वर जाताय.

बावीस वर्षं मुंबईचे काटे तपासते आहे.
मशीद बंदरचा खजूर, भुलेश्वरचा मोगरा, कुर्ल्याचं भंगार.
दसऱ्याला काट्यावर झेंडू वाहून
त्याच काट्याखाली चुंबक चिकटवणारे पाहिले.
अजान झाली की चुंबक तसाच ठेवून
हात धुऊन उठणारेही पाहिले.
आणि गिरगावातला तो रद्दीवाला,
देवाचं नाव काढलं की ज्याच्या कपाळाला आठ्या,
त्याचा काटा कायम गिऱ्हाइकाकडे केसभर झुकलेला.
नोटीस त्यालाही दिली. काटा म्हणजे काटा.

अण्णा गोदीत टॅली क्लार्क.
एकादशी कधी मोडली नाही,
आणि दर दिवाळीला घरात येणारा बदामांचा डबा
कुठून येतो, हे विचारायची पद्धत नव्हती.
भाडं मागायला मेहता आला की आई दारातच सांगायची,
हे घरात नाहीत.
अण्णा मोरीत, श्वास धरून.
त्याच आईनं चार आणे जास्त आले म्हणून
मला भेंडीवाल्याकडे परत पिटाळलं होतं, भर उन्हात, अनवाणी,
चपला घालण्याइतका वेळसुद्धा
ते पैसे घरात राहता कामा नयेत म्हणून.
तळपाय पोळले ते आठवतं.
बदामही आठवतात. गोड होते.

ससून डॉकच्या फाटकाबाहेर सुकट विकते चांगुणा वैती.
तिच्याकडे पाचशेची वजनं दोन निघाली.
एकाचं बूड कोरून शिसं काढलेलं, वर मेण.
भरलं चारशे साठ.
दुसऱ्याच्या बुडात तेच शिसं ओतलेलं.
पाचशे चाळीस.

हे हलकं कुणाला?
“हाटेलवाल्यांना.”
आणि हे?
ती टोपलीवरच्या माश्या वारत राहिली.
शेजारची बोलून गेली,
मागच्या झोपड्यांतल्या पोटुशा पोरी येतात, त्यांना.
चांगुणाबाईनं तिला अशी शिवी हासडली
की माझा शिपाई खाली बघायला लागला.
मी म्हटलं, देवाला चालतं का हे?
“देवाला कशाला मधी घेतेस, बाय.
तुला न्यायचं तर ने.”

फॉर्मात रकाना असतो.
तफावत: कमी / जास्त. लागू नसेल ते खोडा.
कायद्याला दोन्ही सारखीच खोटी.
हलकं मी पिशवीत घातलं, लाख लावली, साक्षीदाराची सही घेतली.
जड हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.
मग टोपलीशेजारी ठेवून दिलं
आणि काहीच लिहिलं नाही.

ही दया म्हणावी, तर ते शिसं हॉटेलवाल्याचं होतं.
बदामही कुणाचे तरी होतेच.
आईला विचारायला हवं होतं. आई नाही.
ती असती तर म्हणाली असती, हात धू आधी, वास येतोय.

संध्याकाळी पेटी लावताना
पाचशेचं पितळ मी बोटांनीच उचललं.
गार होतं. आणि घरातल्या कुठल्याही वस्तूसारखं
हातात बसलं.

पुढच्या पडताळणीला
केणीसाहेबांच्या जागी आलेला मुलगा
चष्मा वर सरकवत म्हणाला, मॅडम, हे जरा जास्त भरतंय.
किती?
अगदी नगण्य. सोडून देऊ?
लिही, म्हटलं.